केंद्राची शिक्षण परिषद: शिक्षकाच्या हाती नेमके काय पडते?

सरकारी सेवांबद्दल लिहायचे म्हटले की आपण रेशन दुकान, आरटीओ किंवा सेतू केंद्र यांच्याबद्दल लिहितो. शिक्षकाचे शिकवणे सुधारावे म्हणून राज्य सरकार जी सेवा वर्षानुवर्षे चालवत आले आहे, तिच्याबद्दल तिचा लाभ घेणाऱ्या शिक्षकांनी सविस्तर लिहिलेले मात्र फारसे वाचायला मिळत नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या शाळांच्या केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेला, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीला, नेमाने जाते. दीक्षा या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रम, पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठीच्या निपुण अभियानाच्या कार्यशाळा, सेवेच्या ठरावीक टप्प्यांवरची सक्तीची प्रशिक्षणे हे सारे मी घेतलेले आहे. या सर्वांत वर्गात उभे राहिल्यावर जिचा खरा उपयोग होतो ती शिक्षण परिषद, आणि जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते तीही हीच, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे परीक्षण मुख्यतः तिचे आहे. बाकीच्या गोष्टी तुलनेपुरत्या येतील.

शिक्षण क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देते. आसपासच्या साधारण दहा शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि त्याची जबाबदारी केंद्रप्रमुखाकडे असते. शहरी भागात पदनामे थोडी बदलतात, पण रचना तीच असते. जवळच्या शाळांनी एकमेकींना सांभाळून घ्यावे, ही कल्पना 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळा संकुलाच्या रूपाने मांडली होती आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, हे आवर्जून सांगावेसे वाटते. पुढे 1990 च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने गट (म्हणजे तालुका) आणि केंद्र पातळीवर साधन केंद्रे उभी केली, आणि 22 जून 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रच्या शासन निर्णयानंतर 'प्रत्येक मूल शिकले का' हा प्रश्न केंद्राच्या बैठकीत उघडपणे विचारला जाऊ लागला. त्याआधी केंद्र संमेलन म्हणजे परिपत्रके वाचून दाखवायची आणि माहितीचे तक्ते गोळा करायचे, असा अनेक ठिकाणचा रिवाज होता. ज्येष्ठ सहकारी आजही परिषदेला सवयीने संमेलनच म्हणतात.

परिषदेचा दिवस ठरला की केंद्रातील एखादी शाळा यजमान होते. शाळा बंद पडू नये म्हणून आमच्याकडे निम्मे शिक्षक एका दिवशी आणि उरलेले दुसऱ्या दिवशी जातात. विषयपत्रिकेचा मोठा भाग पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतो आणि उरलेल्या वेळेत केंद्राने आपले विषय घ्यावेत, अशी अपेक्षा असते. बसायला चौथीच्या मुलांची बाके मिळतात, त्यामुळे दुपारनंतर कंबर बोलू लागते. पण सेवा विनाशुल्क आहे, घरापासून फार लांब जावे लागत नाही, आणि समोर बसलेली माणसे आपल्यासारख्याच वर्गांतून आलेली असतात. पुण्या-मुंबईच्या सभागृहात झालेल्या कोणत्याही कार्यशाळेत ही शेवटची गोष्ट मला मिळालेली नाही.

परिषद चांगली कशी असते, हे एका उदाहरणावरून सांगते. आमच्या केंद्रप्रमुखांनी त्या महिन्यात व्याख्यान ठेवले नव्हते. यजमान शाळेच्या तिसरीच्या मुलांना त्यांनी वर्गात बसवून घेतले आणि शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना वजाबाकीचा पाठ घ्यायला सांगितले. आम्ही शिक्षक मागे आणि कडेने बसलो होतो. प्रत्येकाला एकेक काम नेमून दिले होते: कोणी बाईंनी विचारलेले प्रश्न लिहायचे, कोणी प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबतात ते पाहायचे, तर कोणी एकाच मुलावर लक्ष ठेवून त्याने पूर्ण तासात काय केले ते टिपायचे. फळ्यावर 52 वजा 27 असे उदाहरण होते. मी जिच्याकडे पाहत होते त्या मुलीने वहीत 35 लिहिले. तिने एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले आणि दशकाच्या घरात पाचातून दोन. वर्षानुवर्षे आपण अशा उत्तरावर लाल फुली मारतो आणि पुढच्या वहीकडे वळतो.

त्या बाईंनी फुली मारली नाही. त्यांनी मुलीला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि म्हणाल्या, "यातल्या सत्तावीस मला दे." मुलीने दोन गठ्ठे लगेच दिले, दोन सुट्या दिल्या आणि ती थांबली. बाईही थांबल्या. माझ्या शेजारच्या सरांच्या नोंदीप्रमाणे ते थांबणे बरेच लांबले, आणि मागे बसलेल्या आमच्यापैकी कित्येकांना तिला सांगून टाकायची घाई झाली होती. अखेर मुलीने स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढले, काड्या सुट्या केल्या, त्यांतल्या पाच बाईंच्या हातावर ठेवल्या आणि आपल्यापुढे उरलेले दोन गठ्ठे आणि पाच काड्या मोजल्या. मग तिने वहीतले 35 खोडून 25 लिहिले. कोणी सांगितले म्हणून तिने ते खोडले नव्हते. समोर उरलेल्या काड्या आणि वहीतली संख्या जुळत नाही, हे तिला दिसले होते.

मुले जेवायला गेल्यावर झालेली चर्चा पाठाइतकीच मोलाची होती. एका सरांनी विचारले की, 40 वजा 16 सारखे उदाहरण आले की त्यांच्या वर्गातली मुले 36 लिहितात, शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहाच खाली उतरवतात, तर तिथे काड्यांनी काय साधेल? बाईंनी तिथल्या तिथे चार गठ्ठे मांडले. सुटी काडी एकही नसल्यामुळे गठ्ठा सोडण्यावाचून गत्यंतरच नाही, त्यामुळे हे उदाहरण मुलांना काड्यांवर आधी द्यावे आणि 52 वजा 27 नंतर, असे त्यांनी सुचवले. दुसऱ्या एका बाईंनी शंका काढली की तीन अंकी संख्येत शंभराचा गठ्ठा सोडायला तासच पुरणार नाही. तेव्हा नोटांची खेळणी वापरून शंभराची नोट दहाच्या दहा नोटांत मोडून घेण्याचा पर्याय पुढे आला. कोणत्या टप्प्यावर काड्या बाजूला ठेवायच्या, यावर एकमत झाले नाही. माझ्या मते ज्या दिवशी एकमत न होताही सारे जण वाद घालत बाहेर पडतात, त्या दिवशी परिषद सार्थकी लागते.

शिक्षकाचे शिकवणे कशाने सुधारते, याचे उत्तर मला अशा दिवसांत मिळाले आहे. ज्याला आपला विषय, आपली मुले आणि आपल्या अडचणी ठाऊक आहेत असा माणूस वर्गात येऊन बसतो, काय पाहिले ते सांगतो आणि पुन्हा येतो, तेव्हा बदल होतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा समूह) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जे ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकेल असे, वर्ग उभे केले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. त्यांना तिथे कोणी भाषणे दिली नाहीत, जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर बसून मुले काय करतात ते दाखवले. आपल्या ठाणे जिल्ह्यातही शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी विजेची वानवा असताना सौरऊर्जेच्या आधाराने मुलांच्या हाती टॅब्लेट दिले आणि डिजिटल शाळेची कल्पना राज्यात पसरली. या दोन्ही ठिकाणी सुधारणा एका शिक्षकाकडून दुसऱ्या शिक्षकाकडे गेली. सरकारने पुढे तिला परिपत्रकांचे आणि निधीचे पाठबळ दिले, हे सरकारचे योग्य काम होते.

आता उणिवांबद्दल. वर वर्णन केलेली परिषद नेहमी वाट्याला येत नाही. पुष्कळदा विषयपत्रिकाच इतकी भरगच्च असते की पाठ घ्यायला आणि त्यावर बोलायला वेळ उरत नाही. अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याची यादी), शाळापूर्व तयारी, परसबाग, शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज, आधार पडताळणी, एखाद्या सप्ताहाचे छायाचित्र अहवाल असे विषय एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येकाला काही मिनिटे मिळतात. एका परिषदेत तर सुलभकांनी, म्हणजे सत्र घेणाऱ्या शिक्षकांनी, वरून आलेली सरकचित्रे (स्लाइड्स) अक्षरशः वाचून दाखवली. ती सर्वांच्या मोबाइलवर सकाळीच आलेली होती. सुलभकांचा यात दोष नव्हता. त्यांना आदल्या संध्याकाळी ऑनलाइन बैठकीत ती समजावून सांगितली गेली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आम्हाला सांगायची होती. प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून गटाकडे आणि गटाकडून केंद्राकडे झिरपत येते, तेव्हा प्रत्येक पायरीवर 'का' गळून पडते आणि 'काय करायचे' तेवढे खाली उतरते. 1990 च्या दशकातले स्मार्ट पीटी हे प्राथमिक शिक्षकांचे राज्यव्यापी प्रशिक्षण आठवणारे ज्येष्ठ शिक्षक सांगतात की तेव्हाही पायऱ्या याच होत्या. इतक्या वर्षांत साधने बदलली, पण हा मार्ग बदलला नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. परिषद चांगली की वाईट, हे जवळजवळ सर्वस्वी केंद्रप्रमुखावर ठरते आणि राज्यातली केंद्रप्रमुखांची पदे मोठ्या संख्येने रिकामी राहत आली आहेत. 2023 मध्ये 2384 पदांसाठी विभागीय परीक्षेची घोषणा झाली आणि ती परीक्षा नंतर पुढे ढकलली गेली. तोवर एखाद्या मुख्याध्यापकाकडे किंवा शिक्षकाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. आपला वर्ग, आपली शाळा आणि वर दहा शाळांचे तक्ते सांभाळणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून एक पूर्ण तास पाहावा, ही अपेक्षाच अवाजवी ठरते. भेटीत शेरेबुकात 'शालेय परिसर स्वच्छ, अध्यापन समाधानकारक' एवढी नोंद होते आणि सही केली जाते. अशी नोंद वाचून मला ना कौतुक वाटते ना मार्गदर्शन मिळते. याउलट एका केंद्रप्रमुखांनी माझ्या पाठानंतर लिहिलेली नोंद मी अजून जपून ठेवली आहे: प्रश्न बहुतेक पुढच्या दोन रांगांना गेले, खिडकीकडच्या मुलांना एकही गेला नाही. ती नोंद वाचल्यापासून मी वर्गात उभी राहण्याची जागा बदलली.

तुलनेसाठी ऑनलाइन प्रशिक्षणाकडे वळते. दीक्षा हे व्यासपीठ 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमुळे ते आपल्या शाळांत लवकर रुळले. निष्ठा या शिक्षकांच्या राष्ट्रीय प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आवृत्तीत पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यांवर 12 अभ्यासक्रम होते आणि त्यांतला आशय दर्जेदार होता, हे मी मनापासून सांगते. खेळातून वाचन, मुलाच्या घरच्या भाषेचा वर्गात वापर, चाचणीशिवाय मूल्यमापन यांवर इतके नीटस साहित्य पूर्वी हाताशी नव्हते. दुर्गम पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला ते ठाण्यातल्या शिक्षकाइतकेच उपलब्ध होते, आणि पुन्हा हवे तेव्हा उघडता येत होते. मात्र अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची खूण प्रश्नमंजूषेवर आणि प्रमाणपत्रावर ठरते. वाचलेले वर्गात केले का, केले तर काय झाले, हे विचारणारे कोणी त्या पडद्यापलीकडे नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास कुठून भरले जातात याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे, कारण 50 तासांचे 50 प्रमाणपत्रांत रूपांतर करणे सोपे असते. यांतले निम्मे तास जरी एकमेकांचे पाठ पाहण्यासाठी राखून ठेवले, तरी धोरणाचा हेतू अधिक चांगला साधेल.

सेवेच्या 12 आणि 24 वर्षांनंतर वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी घ्यावे लागणारे प्रशिक्षण वेतनाशी जोडलेले आहे, त्यामुळे ते सर्व जण पूर्ण करतात. त्याबद्दल इतकेच पुरे.

मूल्यमापनाच्या सुधारणेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे मदतीची शक्यता मोठी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या स्टार्स प्रकल्पात महाराष्ट्रासह सहा राज्ये होती आणि त्याअंतर्गत आपल्याकडे पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन अशा नियतकालिक चाचण्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांत घेतल्या जाऊ लागल्या. प्रश्नपत्रिका राज्याकडून छापून येतात, त्या बऱ्याच अंशी अध्ययन निष्पत्तींवर बेतलेल्या असतात आणि पाठांतराला त्यांत फारसा वाव नसतो, ही जमेची बाजू आहे. तपासून झाल्यावर प्रत्येक मुलाचे प्रश्ननिहाय गुण मोबाइलवरील चॅटबॉटमध्ये भरायचे असतात आणि ते विद्या समीक्षा केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या माहिती केंद्रात, जमा होतात. पटसंख्या मोठी असलेल्या वर्गासाठी हे काम रात्रीपर्यंत चालते. माझी तक्रार कामाच्या वेळेबद्दल कमी आणि त्यापुढच्या शांततेबद्दल जास्त आहे. वजाबाकीच्या प्रश्नात माझ्या वर्गातली किती मुले चुकली, हे गुण भरताना मला कळलेलेच असते. ती का चुकली आणि सोमवारी मी काय वेगळे करू, हे मला हवे असते. पुढच्या परिषदेत केंद्रातील सर्व शाळांची त्या एका प्रश्नाची उत्तरे टेबलावर ठेवून बसलो असतो, तर 35 लिहिणारी मुलगी एकटी नाही, हे सर्वांना दिसले असते आणि काड्यांचा पाठ सर्व शाळांत गेला असता. माहिती वर जाते तितक्याच नियमाने ती केंद्रात परत यायला हवी.

यावर प्रशासनाकडून एक उत्तर नेहमी मिळते की शिक्षकांना वेळ असतो, फक्त इच्छा हवी. मी हे मान्य करत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. तरीही कामांची यादी लांबत गेली आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाला शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण करणारा निर्णय काढावा लागला. तो निर्णय स्वागतार्ह होता. पण मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम कायद्यातल्या अपवादात बसते आणि मतदार यादीच्या पुनरीक्षणाच्या काळात नवी मुंबईसारख्या, सतत घरे बदलणाऱ्या भाडेकरूंच्या शहरात ते किती वेळ खाते, हे दारोदार फिरलेल्यालाच कळते. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत पूर्वतयारीचे तासही धरलेले आहेत. शिक्षकाने टाचण लिहिणे, साहित्य तयार करणे, वह्या वाचणे हे काम आहे, असे कायदाच म्हणतो. वेळापत्रकात मात्र त्याला कुठेच रकाना नसतो.

आमच्या भागाची एक खास गरज आहे आणि ती पुण्याहून आलेल्या विषयपत्रिकेत सहसा नसते. तुर्भे, दिघा, रबाळे या पट्ट्यात नाक्यावर आणि बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांची मुले मराठी शाळांत येतात. काहींच्या घरी बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते, काहींच्या घरी भोजपुरी, काहींच्या घरी कन्नड मिसळलेली मराठी, आणि गावठाणातली मुले आगरी बोलतात. पाऊस सुरू होताच काही कुटुंबे गावाकडे जातात आणि दिवाळीनंतर परततात. अशा वर्गात 'परिच्छेद वाचतो की नाही' एवढ्या स्तरनिश्चितीने भागत नाही. एका परिषदेत एका तरुण शिक्षिकेने आपल्या वर्गातला तक्ता आणून दाखवला. त्यावर मुलांनी सांगितलेले घरचे शब्द आणि पुस्तकातले शब्द शेजारी शेजारी होते: याडी आणि आई, बाटी आणि भाकरी. पहिलीतल्या ज्या मुलाने जूनपासून तोंड उघडले नव्हते, त्याने 'याडी' हा शब्द फळ्यावर पाहिला आणि त्या दिवशी तो स्वतःहून पुढे येऊन आणखी शब्द सांगू लागला, असे तिने सांगितले. परिषद संपेपर्यंत त्या तक्त्याचे छायाचित्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होते. पुढच्या महिन्यात एका सरांनी आगरी शब्दांचा तक्ता आणला. त्यासाठी कोणताही आदेश निघालेला नव्हता.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी 1945 साली बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या कुरणशाळा उभ्या केल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांनी करून दाखवले. ही गावे ज्यात आहेत ते डहाणू 2014 पासून पालघर जिल्ह्यात गेले असले, तरी आमच्या शिक्षकांचा हा वारसा आहे असे मी मानते, आणि केंद्राच्या परिषदेत या कामाचा अभ्यास ठेवावा अशी माझी जुनी मागणी आहे. दूरच्या देशांतील शिक्षणपद्धतींच्या चित्रफिती आम्हाला दाखवल्या जातात. त्यांना माझा विरोध नाही. पण कोसबाडला एक दिवस नेले, तर बहुभाषिक वर्गाबद्दल अधिक शिकता येईल.

अलीकडे परिषदेच्या मधल्या सुट्टीत एक वेगळाच विषय निघतो. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिलेल्या निर्णयात, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 पासून घेतली जाते, त्यामुळे त्याआधी रुजू झालेल्या अनेकांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर अभ्यासाला बसावे लागत आहे. पात्रतेचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. मात्र परीक्षा शिक्षकाची पारख करते, त्याला मदत करत नाही, आणि दोन्हींसाठी राज्याची शक्ती सारखी खर्च व्हायला हवी. बालमानसशास्त्रावरचे बहुपर्यायी प्रश्न सोडवणारे आमचे सहकारी उत्तम शिक्षक आहेत. त्यांच्या हाती मार्गदर्शक पुस्तके दिसतात आणि पाठाच्या नोंदवह्या मागे पडतात, हे पाहून वाईट वाटते.

माझा अभिप्राय द्यायचा तर पाठ आणि चर्चा असलेल्या परिषदेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, आणि माहिती-वाटपाच्या परिषदेला दीड. ऑनलाइन अभ्यासक्रमांना आशयासाठी चार आणि परिणामासाठी दोन. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना माझे सांगणे आहे की परिषदेला रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या वर्गातल्या तीन वह्या सोबत न्याव्यात: एक जमलेल्या मुलाची, एक अडलेल्याची आणि एक ज्याचे उत्तर आपल्यालाच कळले नाही अशा मुलाची. चहाच्या वेळी का होईना, त्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकापुढे ठेवाव्यात. केंद्रप्रमुखांनी विषयपत्रिकेतला निदान अर्धा वेळ प्रत्यक्ष मुलांसमोरच्या पाठासाठी राखावा आणि सूचना वाचून दाखवण्याऐवजी शिक्षकांच्या मोबाइलवर पाठवून द्याव्यात. राज्याने रिक्त पदे भरावीत, केंद्रप्रमुखाच्या कामाची मोजणी भेटींच्या संख्येवर न करता त्याने पाहिलेल्या पूर्ण तासांवर करावी आणि चाचण्यांचे प्रश्ननिहाय निकाल पुढच्या परिषदेआधी केंद्राच्या हाती द्यावेत. यांतली पदभरती सोडली तर कशालाही मोठा निधी लागत नाही.

पालकांच्या हातीही यातले काही आहे आणि ते त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत गणवेश, पोषण आहार आणि स्वच्छतागृह यांवर बोलणे होते, आणि ते झालेच पाहिजे. त्यासोबत मुख्याध्यापकांना एवढेही विचारता येईल की गेल्या परिषदेत आपल्या शाळेतल्या कोणी पाठ घेतला किंवा पाहिला, त्यानंतर वर्गात काय बदलले, आणि पुढच्या परिषदेच्या दिवशी कोणत्या शिक्षकाला निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामावर पाठवलेले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.